खजिन्यापासून तटापर्यंत

राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरचा जंजिरा लढून कोणालाच घेता आला नाही, आणि थळसमोरच्या खांदेरीवर तट उभा राहू द्यायचा नाही असे ज्यांनी ठरवले होते त्यांना तो थांबवता आला नाही. रायगडच्या किनाऱ्यावर ही दोन बेटे एकमेकांपासून पन्नास किलोमीटरच्या आत आहेत. जंजिऱ्यावर चालून गेलेले मराठी राज्य तिथल्या हबशी सिद्दीच्या टापूपेक्षा कितीतरी मोठे होते. खांदेरीला वेढा घालणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीमागे लंडनच्या भागधारकांचे भांडवल होते. दोन्हीकडे ज्याची तिजोरी मोठी तोच रिकाम्या हाताने परतला. योगायोग म्हणून हे सोडून देता आले असते. पण याच किनाऱ्यावर पुढेही तसेच घडत गेले, आणि ज्या प्रसंगी उलटे घडले, म्हणजे पैसेवाला जिंकला, तिथेही बारकाईने पाहिले तर विजयाचे कारण रकमेच्या आकड्यात सापडत नाही. लष्करी खर्चाचा आणि युद्धातल्या यशाचा संबंध काय, हा प्रश्न जगभर विचारला जातो. त्याचे उत्तर शोधायला करंजापासून हरिहरेश्वरापर्यंतचा हा किनारा फार चांगली जागा आहे, असे माझे मत आहे. ही प्रस्तावना त्या मताची कारणे सांगण्यासाठी लिहिली आहे.

अलीकडचे आकडे आधी समोर ठेवू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने संरक्षणासाठी ६,८१,२१० कोटी रुपये ठेवले. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या हिशेबाने २०२४ साली जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर होता, त्यात अमेरिकेचा वाटा ९९७ अब्ज, आणि भारत ८६.१ अब्ज डॉलरसह पाचव्या क्रमांकावर. दरवर्षी फेब्रुवारीत अर्थसंकल्पाचे आकडे छापून येतात आणि वाद एकाच गोष्टीवर होतो: राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के? दोन टक्के पुरेत की तीन हवेत? वाद निरर्थक नाही, पण अपुरा आहे. त्या पावणेसात लाख कोटींपैकी जवळपास २४ टक्के, १,६०,७९५ कोटी, निवृत्तिवेतनावर जातात. पगार आणि दैनंदिन खर्च सुमारे ४६ टक्के. नवी शस्त्रे, जहाजे, विमाने यांसाठी उरतात १,८०,००० कोटी. निवृत्त सैनिकाला मिळणारा पैसा हा त्याचा हक्कच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मुद्दा एवढाच की एकच मोठा आकडा पाहून कोणाची किती ताकद आहे हे कळत नाही. आणि शस्त्रांसाठी उरलेल्या रकमेचीही एक गोष्ट आहे. आदल्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, भांडवली खर्चासाठी १,७२,००० कोटींची तरतूद होती. सुधारित अंदाजात ती १,५९,५०० कोटींवर आली. साडेबारा हजार कोटी रुपये मंजूर होऊनही वर्षाच्या आत खर्च होण्याजोगे राहिले नाहीत. ज्यांना तरतूद वाढवून हवी आहे आणि ज्यांना ती कमी हवी आहे, त्या दोघांनीही आधी या साडेबारा हजार कोटींकडे पाहावे.

पैशावाचून युद्ध नाही, हे जुन्यांनाही ठाऊक होते. सर्व कामांच्या आधी कोश लागतो, असे कौटिल्याने स्पष्ट म्हटले आहे. पण त्याच कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगताना क्रम लावला तो स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड, मित्र असा. सैन्याच्या आधी कोश आहे खरा. मात्र कोशाच्या आधी दुर्ग आहे, त्याच्याआधी लोकवस्तीचा मुलूख आहे, आणि त्याही आधी कारभारी माणसे आहेत. पैसा हीच युद्धाची ताकद, हे रोमन काळापासून चालत आलेले मत इटलीच्या मॅकियाव्हेलीने सोळाव्या शतकात खोडले. चांगले सैनिक सोने मिळवू शकतात, सोन्याला दरवेळी चांगले सैनिक मिळवता येत नाहीत, असा त्याचा युक्तिवाद होता. मला त्याचे म्हणणे अर्धेच पटते. उपाशी सैनिक कितीही चांगला असला तरी तट किती दिवस धरेल? म्हणून प्रश्न थोडा वेगळा मांडायला हवा. खजिना किती मोठा आहे, यापेक्षा खजिन्यातून निघालेला पैसा तटावर, बोटीत, तोफेपाशी केव्हा पोचतो, किती पोचतो आणि कोणाच्या हातून पोचतो, यावर लढाईचे बरेचसे भवितव्य ठरते. माझे म्हणणे हेच आहे, आणि खांदेरीपासून त्याची साक्ष काढता येते.

१६७२ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम करायचा विचार केला होता. इंग्रज आणि सिद्दी यांच्या हालचालींमुळे तो तेव्हा मागे पडला. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांचा सरदार मायनाक भंडारी हा माणसे, दगड आणि तोफा घेऊन बेटावर उतरला. मुंबईच्या इंग्रजांना हे परवडणारे नव्हते: खांदेरीवरून मुंबई बंदरात येणारे-जाणारे प्रत्येक जहाज दिसते. त्यांनी आधी शिबाडांसारख्या छोट्या नौका पाठवल्या, मग लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. त्यानंतर ‘रिव्हेंज’ हे लढाऊ जहाज आले. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या मराठी आरमाराने इंग्रजी काफिल्यावर हल्ला केला. इंग्रजांची एक गुराब मराठ्यांच्या हाती पडली, बाकीच्या नौका पळाल्या, आणि ‘रिव्हेंज’ने एकट्याने झुंज देऊन मराठी काफिला मागे हटवला. समोरासमोरच्या तोफांच्या लढाईत मोठ्या जहाजाचे पारडे जड ठरले, हे मान्य करायला हवे. पण वेढ्याचा निकाल तिथे लागला नाही. तो रोज रात्री लागत होता. वारा पडला की शिडांची मोठी जहाजे जागच्या जागी थांबत, आणि थळच्या किनाऱ्यावरून वल्ह्यांच्या हलक्या होड्या दाणागोटा, चुना आणि दारूगोळा घेऊन त्यांच्यामधून बेटावर पोचत. इंग्रज अधिकारी वरिष्ठांकडे हीच तक्रार करत राहिले. समुद्राचे अंतर पाच-सहा किलोमीटर, होड्या किनाऱ्यावरच्याच, हाकणारे कोळी आणि भंडारी याच पाण्यात वाढलेले. खांदेरीची रसद स्वस्त होती; ती बुडवायला लागणारा बंदोबस्त महाग होता.

कंपनीचे भांडवल मोठे होते, पण मुंबईच्या हाताशी थोडेच होते. लंडनचे संचालक कित्येक वर्षे मुंबईच्या फौजेचा खर्च कमी करायला सांगत होते. सुरतेच्या कौन्सिलला हा वेढा म्हणजे व्यापाराच्या नफ्यातून जाणारी रक्कम वाटत होती, आणि तिने मुंबईकरांना आब राखून माघार घ्यायला सांगितले. मदतीला आलेला सिद्दी बेट जिंकले तर स्वतःकडेच ठेवील, ही भीती वेगळीच होती. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी महाराजांशी समेट केला. सिद्दीने शेजारची उंदेरी घेऊन तिथे तट बांधला. या प्रकरणाचे एक शेपूट इतिहासात फारसे कोणी जोडून सांगत नाही. ‘रिव्हेंज’वर लढलेल्या कॅप्टन केग्विननेच डिसेंबर १६८३ मध्ये मुंबईतली फौज घेऊन कंपनीविरुद्ध बंड केले, आणि जवळजवळ वर्षभर मुंबई कंपनीच्या हातात नव्हती. कारण काय, तर पगारात केलेली काटछाट. जगातल्या श्रीमंत व्यापारी पेढ्यांपैकी एक, आणि तिचा सर्वांत लढवय्या कप्तान काही रुपयांसाठी तिच्यावर उलटतो. तिजोरी लंडनला होती. माणूस मुंबईत होता.

हीच गोष्ट मराठ्यांच्या बाजूने पाहायची तर पद्मदुर्गाकडे यावे लागते. जंजिऱ्याच्या छाताडावर दुसरी राजपुरी उभी करावी म्हणून महाराजांनी मुरूडसमोरच्या कासा खडकावर हा किल्ला बांधायला घेतला. सिद्दी तो होऊ देणार नाही हे उघड होते, म्हणून रक्षणाला दर्यासारंग आणि दौलतखान यांचे आरमार नेमले. आरमाराच्या खर्चासाठी प्रभावळीच्या सुभ्यावर पैसा आणि धान्य देण्याच्या वराता काढल्या. सुभेदार जिवाजी विनायक याने त्या वेळेवर दिल्या नाहीत. जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी त्याला लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे, आणि लष्करी खर्चाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे मला मनापासून वाटते. ऐन गरजेला रसद न पोचवून आरमार खोळंबवले, याबद्दल त्यात कमालीचा संताप आहे. हबशाने काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले असावे, असा उघड संशय आहे. आणि ब्राह्मण म्हणून कोणाचा मुलाहिजा होणार नाही, हेही स्वच्छ सांगितले आहे. राज्याभिषेकाला तेव्हा सात-आठ महिने झाले होते. रायगडावरचा खजिना भरलेला होता, हुकूम निघाला होता, किल्ल्याची जागा अचूक निवडली होती, आणि तरीही एका सुभेदाराच्या दिरंगाईने सगळे अडले. आजच्या भाषेत, तरतूद होती, मंजुरी होती, निधी पोचला नव्हता. महाराज चिडले ते रकमेच्या कमीपणावर नव्हे. पैसा आणि समुद्र यांच्यामध्ये बसलेल्या माणसावर चिडले.

जंजिरा का पडला नाही याची इतरही कारणे आहेत. सिद्दी १६७० नंतर औरंगजेबाचा आरमारी सरदार झाला आणि सुरतेच्या उत्पन्नातून त्याला नेमणूक मिळू लागली, म्हणजे त्या लहान टापूमागे मोगलांची तिजोरी उभी राहिली. माझ्या म्हणण्यावर हा आक्षेप घेता येईल, आणि तो योग्यच आहे: जंजिऱ्याला वाचवले तेही पैशानेच. पण त्या पैशाचे स्वरूप पाहा. तो ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या कामासाठी, एकाच धन्याकडून येत होता आणि जिथे खर्च होत होता तिथल्या लोकांना समुद्राखेरीज दुसरा उद्योग नव्हता. उलट १६८२ च्या आरंभी संभाजी महाराजांनी खाडी बुजवून दगडांचा मार्ग बेटापर्यंत न्यायचा अचाट प्रयत्न केला, तेव्हा काम चालू असतानाच मोगल सरदार हसनअली खान कोकणात उतरला आणि मोहीम सोडावी लागली. दगडाला, मजुरांना, होड्यांना लागलेला खर्च समुद्रात राहिला. पुढे १७३३ साली बाजीराव पेशवे जंजिऱ्यावर आले. पाठीमागे धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींची निकड होती, परशुरामाच्या देवळाची विटंबना सिद्दीच्या माणसांनी केल्याचे दुःख होते, शाहू महाराजांची इच्छा होती. शाहूंच्या दरबारातल्या प्रतिनिधींच्या पक्षाने त्याच वर्षी जूनमध्ये रायगड परत मिळवला, तो तटाला शिड्या लावून नव्हे, आतल्या लोकांशी बोलणी करून. पण प्रतिनिधी आणि पेशवे यांचे जमले नाही, ऑगस्टमध्ये मराठी आरमाराचा सरखेल सेखोजी आंग्रे वारला, आंग्र्यांच्या घरात भाऊबंदकी सुरू झाली, आणि पैशाची ओढाताण तर बाजीरावांच्या पत्रांतून पानोपानी दिसते. ही मोहीम पैशाच्या कमतरतेने फसली की एकोप्याच्या? मला वाटते, एकोपा असता तर कमी पैशात निभावले असते. भरपूर पैसा असता तरी त्या भांडणात तो विरला असता.

पैसा कसा पोचवावा याचा विचार आपल्याकडे फार लवकर झाला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत. त्यांच्यासाठी लाकूड तोडताना रयतेची आंब्या-फणसाची झाडे धन्याच्या खुशीवाचून तोडू नयेत. आणि आरमाराचा खर्च बंदरांच्या पैदासीवर टाकू नये, त्याला मुलखातून नेमणूक करून द्यावी. या शेवटच्या सूचनेत फार मोठे शहाणपण आहे. आरमाराने आपला खर्च आपणच बंदरांतून काढावा असे ठरले तर ते सावकारांना, खारव्यांना, कोळ्यांना पिळेल; व्यापार पळेल; आणि ज्यांच्या होड्या रात्री खांदेरीला रसद नेतात तीच माणसे परकी होतील. म्हणजे लष्करी खर्चाची बाब ठरवताना अमात्य दोन गोष्टी एकत्र पाहत होते: पैसा नियमित मिळाला पाहिजे, आणि तो मिळवताना किनाऱ्याचे लोक दुरावता कामा नयेत. आजचे अर्थसंकल्पी दस्तऐवज पहिल्या गोष्टीची मोजदाद करतात. दुसरीचा त्यात रकाना नाही.

आता सर्वांत भक्कम आक्षेप. शेवटी जिंकले कोण? इंग्रज. आणि ते पैशाच्या जोरावरच जिंकले ना? याचे उत्तर घाईने देण्यासारखे नाही. आधी १७२१ पाहू. कान्होजी आंग्र्यांना मोडण्यासाठी मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने आरमार वाढवले होते. १७१८ साली खांदेरीवर आणि १७२० साली विजयदुर्गावर केलेले हल्ले फसले होते. मग इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला, पोर्तुगीजांनी चौलकडून फौज दिली, आणि डिसेंबरात हे जोडसैन्य अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले. त्या काळात या किनाऱ्यावर एवढा खर्च एका मोहिमेसाठी क्वचितच झाला असेल. हल्ला फसला. पेशव्यांचे घोडदळ मदतीला पोचले, पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी परस्पर तह केला. मॅथ्यूज इंग्लंडला परतल्यावर त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला, कारण राजाची जहाजे त्याने खाजगी व्यापारासाठी वापरली होती. राजाच्या खजिन्यातून निघालेला पैसा इथेही वाटेत दुसरीकडे वळला होता.

पण १७५६ मध्ये मात्र वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, तुळाजी आंग्र्याचे आरमार जळाले. हा पैशाचा विजय नव्हता काय? काही अंशी होताच. इंग्लंडच्या आरमाराची जहाजे कंपनीच्या मदतीला होती. परंतु जमिनीच्या बाजूने तुळाजीला कोंडणारी फौज नानासाहेब पेशव्यांची होती. सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट इंग्रजांना देऊन पेशव्यांनीच त्यांना या किनाऱ्यावर कायमचे पाऊल ठेवू दिले. आणि पुढचा कंपनीचा उत्कर्ष पाहायचा तर तिची खरी ताकद आणखी एका ठिकाणी आहे: तिचे शिपाई ठरल्या तारखेला पगार घेत होते, आणि देशी सावकार तिला कर्ज देत होते कारण ते फिटेल अशी त्यांना खात्री होती. केग्विनच्या बंडातून शिकलेला धडा असो वा नसो, सव्वाशे वर्षांत कंपनीने पैसा पोचवण्याची यंत्रणा बसवली. याच काळात मराठी सरदारांच्या फौजांची थकबाकी वाढत होती. १८०३ च्या युद्धात शिंद्यांच्या पदरच्या युरोपीय अधिकाऱ्यांना कंपनीने आपल्याकडे येण्याचे जाहीर आवाहन केले आणि पेराँसारखे सेनापती लढाई सोडून गेले. शिंद्यांच्या तोफा उत्तम होत्या. असईच्या रणात त्यांनी इंग्रजांची जबर हानी केली. त्यांच्या तोफखान्यावरचा खर्च वाया गेला असे कोणी म्हणू शकणार नाही. हरपला तो त्या खर्चामागचा विश्वास, आणि तो मराठी राज्यातल्याच आपसातल्या वैराने हरपला होता. तेव्हा कंपनीचे उदाहरण माझ्या मताविरुद्ध जात नाही. ते मताला धार देते: रक्कम मोठी असण्यापेक्षा ती वेळेवर, न गळता, शेवटच्या शिपायापर्यंत जाणे हे सामर्थ्य.

हे सारे जुन्या काळचे, असे कोणी म्हणेल. म्हणून १९९३ कडे यावे. त्या वर्षी जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला शस्त्रे आणि आरडीएक्स उतरवले गेले. १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले; २५७ माणसे मेली. त्या आर्थिक वर्षात देशाने संरक्षणासाठी सुमारे १७,५०० कोटी रुपये ठेवले होते. न्यायालयांसमोर पुढे जे सिद्ध झाले त्यात एक तपशील असा: दिघीचा माल घेऊन जाणाऱ्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या. सौदा ठरला, रोख जवळ नव्हती म्हणून चांदीच्या पाच विटा तारण ठेवल्या गेल्या आणि गाड्या पुढे गेल्या. सीमाशुल्क खात्याचे आणि पोलीस खात्याचे लोक या प्रकरणी दोषी ठरले. प्रभावळीच्या सुभेदाराबद्दल महाराजांनी पत्रात जो संशय घेतला होता तो इथे, त्याच किनाऱ्यावर, तीनशे वर्षांनंतर न्यायालयाच्या निकालात उमटलेला दिसतो. यावर असे म्हणता येईल की पोलीस आणि सीमाशुल्क खाते संरक्षण खर्चात मोडत नाहीत, त्यांची चूक लष्कराच्या माथी का मारायची? चूक लष्कराच्या माथी मारायचा हेतूच नाही. शत्रू मात्र आपल्या खात्यांच्या हद्दी पाहून येत नाही. ज्या नाक्यावर तो प्रवेश करतो त्या नाक्यावरच्या हवालदाराचा पगार, त्याच्यावरची देखरेख आणि त्याची निष्ठा हाही राष्ट्राच्या संरक्षणाचा खर्च आहे, आणि तो संरक्षणाच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

आणखी एक आक्षेप तंत्रज्ञानाचा. आज होड्या आणि वल्ही नाहीत. पाणबुडी, क्षेपणास्त्र, उपग्रह आहेत, आणि ही साधने फक्त पैशाने येतात. खरे आहे. मात्र काळ्या समुद्रात रशियाचे आरमार युक्रेनपेक्षा अनेक पटींनी मोठे असताना १४ एप्रिल २०२२ रोजी रशियाची ‘मोस्क्वा’ युद्धनौका बुडाली, आणि नंतर स्वस्त, बिनमाणसाच्या स्फोटक बोटींनी त्या आरमाराला पश्चिम काळ्या समुद्रातून मागे हटायला लावले. युक्रेनला परदेशांची मोठी मदत होती, हे विसरता येत नाही. तरी खांदेरीच्या रात्रींची आठवण व्हावी असेच हे आहे. आपल्याकडचे उदाहरण तर नावासकट जुळते. माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस खांदेरी’ ही पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात दाखल झाली. या मालिकेतल्या सहा पाणबुड्यांचा करार २००५ चा. पहिली २०१७ च्या डिसेंबरात दाखल झाली, सहावी जानेवारी २०२५ मध्ये. त्यांच्यासाठी निवडलेले नवे जड टॉर्पेडो आलेच नाहीत, कारण पुरवठादार कंपनी ज्या विदेशी उद्योगसमूहातली, त्या समूहावर एका वेगळ्याच हेलिकॉप्टर व्यवहारात लाच दिल्याचे आरोप झाले आणि खरेदी रद्द झाली. पाणबुड्या जुन्या टॉर्पेडोंवर चालल्या. नवे टॉर्पेडो बसवण्याचा ८७७ कोटींचा करार झाला तो डिसेंबर २०२४ मध्ये. हजारो कोटींचे जहाज पाण्यात आहे, पण त्याचा दात बसायला आणखी वर्षे लागतात. यात रकमेची उणीव कुठे आहे? उणीव आहे ती सचोटीची आणि वेळेची, आणि त्या दोन्हींची किंमत पाणबुडीत काम करणाऱ्या खलाशाने मोजायची असते.

इतके वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की मग संरक्षणावर कमी खर्च करावा. मी तो काढत नाही. पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या छावणीत पैसा संपला, तेव्हा सोन्याचांदीच्या वस्तू वितळवून नाणी पाडावी लागली. रिकामा खजिना घेऊन लढणे म्हणजे काय हे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. शेजारच्या चीनने २०२४ साली ३१४ अब्ज डॉलर खर्च केले असताना हात आखडता घ्या असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पण अफगाणिस्तानात अमेरिकेने वीस वर्षांत तिथल्या फौजेवर सुमारे ८८ अब्ज डॉलर घातले, कागदावर सैनिक होते, प्रत्यक्ष छावणीत नव्हते, पगार मात्र निघत होते. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ती फौज काही आठवड्यांत विरून गेली. म्हणून खर्च वाढवा म्हणणाऱ्याने त्याच दमात सांगावे की वाढलेला रुपया कुठून कुठे जाईल, किती महिन्यांत जाईल, वाटेत कोण तपासेल. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे आणि नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल हेच प्रश्न विचारतात. वर्तमानपत्रांत त्यांना चार ओळी मिळतात, आणि टक्केवारीच्या वादाला पहिले पान.

रायगडच्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर या प्रश्नाची चाचणी अगदी अलीकडे झाली. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरला एक बेवारस बोट किनाऱ्याला लागली. तिच्यात तीन एके-४७ रायफली होत्या. चौकशीअंती ती परदेशी मालकीची, जूनमध्ये ओमानजवळ इंजिन बंद पडल्यावर सोडून दिलेली आणि लाटांबरोबर वाहत आलेली निघाली, कट वगैरे काही नव्हते. मात्र ती अरबी समुद्र ओलांडून आली आणि तिची झडती किनाऱ्याला लागल्यावरच झाली. १९९३ नंतर या पाण्यात नौदल आणि तटरक्षक दलाची संयुक्त गस्त सुरू झाली होती, २००५ पासून सागरी पोलीस ठाण्यांची योजना राबवली जात होती, २००८ नंतर तिला वेग आला होता. या योजनेत बोटींचा आणि ठाण्यांचा पैसा केंद्राने द्यायचा आणि माणसे राज्याने, अशी वाटणी होती. म्हणजे बोट एका खजिन्यातून आणि ती हाकणारा तांडेल दुसऱ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत बधवार पार्कजवळ उतरलेल्या दहा जणांना प्रथम पाहिले ते तिथल्या मच्छीमार वस्तीतल्या लोकांनी. भरडखोल, दिवेआगर, मुरूड, थळ, वरसोली इथले कोळी वर्षातले आठ-नऊ महिने रात्री समुद्रावर असतात, आणि अनोळखी बोट त्यांना कोणत्याही रडारइतकीच लवकर कळते. सागरी ठाण्यात पोलीसभरती करताना या मुलांना प्राधान्य मिळते का, बोटीच्या डिझेलची रक्कम महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जमा होते का, आणि मासळीच्या दुष्काळात सरकारी नुकसानभरपाई त्यांच्या खात्यावर केव्हा येते, ही तीन उत्तरे प्रत्येक बंदरावर तारखेनिशी नोंदवता येतात. संरक्षणाच्या खर्चाचा अभ्यास दिल्लीच्या आकड्यांपाशी न थांबता या नोंदींपर्यंत यावा, आणि तो इथल्याच महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा, अशी माझी विनंती आहे.